प्रगत पात्रवर्ग

प्रगत पात्रवर्ग : टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळल्या जाणाऱ्या अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांत पात्राने काही पातळ्या चढल्यावरच घेता येणारा विशेष व्यवसाय. खेळाडूंमध्ये ‘प्रेस्टीज क्लास’ हे नाव रूढ आहे. योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर हे मूळ वर्ग पहिल्या पातळीपासून खुले असतात. प्रगत वर्गाला मात्र प्रवेशाच्या अटी असतात : ठरावीक कौशल्ये, लढाईचा किमान आकडा, विशिष्ट मंत्र, कधी वंश किंवा नीतिपक्ष (सुष्ट-दुष्ट यांतील बाजू), आणि क्वचित एखादे कृत्य. अटी पुऱ्या झाल्या की पुढची पातळी चढताना पात्र जुन्या वर्गाऐवजी नव्या वर्गात पाऊल टाकते.

पूर्वपीठिका : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेतील ‘बार्ड’ हा या प्रकाराचा पूर्वज मानण्यास हरकत नाही. बार्ड व्हायचे तर आधी किमान पाचव्या पातळीपर्यंत योद्धा, मग तितकाच काळ चोर, आणि त्यानंतर ड्रुइडांकडे शागिर्दी, असा लांबचा वळसा होता. बहुतेक मोहिमा, म्हणजे सलग चालणारे खेळ, तिथवर टिकतच नसत, त्यामुळे हा वर्ग खेळला जाण्यापेक्षा वाचलाच अधिक गेला असावा. १९८४ च्या ‘कंपॅनियन’ संचात नवव्या पातळीच्या भटक्या योद्ध्याला नीतिपक्षानुसार पॅलाडिन, नाइट किंवा अ‍ॅव्हेंजर होण्याची मुभा मिळाली. १९८५ मध्ये चोरांसाठी डोंबारी-चोराची शाखा आली.

तिसरी आवृत्ती : प्रगत वर्गांना आजचे रूप मिळाले ते २००० मध्ये. जोनाथन ट्वीट, माँटे कुक व स्किप विल्यम्स यांच्या या आवृत्तीत असे सहा वर्ग होते : आर्केन आर्चर, अ‍ॅसॅसिन, ब्लॅकगार्ड, ड्वार्व्हन डिफेंडर, लोरमास्टर व शॅडोडान्सर. २००३ च्या सुधारित आवृत्तीत ही संख्या १६ झाली. हे वर्ग खेळाडूंच्या पुस्तिकेत नव्हते. ते होते सूत्रधाराच्या, म्हणजे डीएमच्या पुस्तकात, आणि तेही ऐच्छिक म्हणून. आपल्या जगात कोणते पंथ, कोणत्या टोळ्या, कोणते गुरुकुल आहे हे डीएमने ठरवावे आणि त्यांच्या दाराशी पोचलेल्या पात्राला हा वर्ग द्यावा, अशी कल्पना होती. पुढे ‘कम्प्लीट’ मालिकेची पुस्तके थेट खेळाडूंसाठी निघाली. वर्गांचा महापूर आला आणि दाराची किल्ली डीएमच्या हातून गेली. प्रस्तुत संकलकाच्या मते या प्रकाराचे भले आणि वाटोळे दोन्ही इथेच झाले.

अ‍ॅसॅसिनच्या अटी पाहिल्या तर मूळ हेतू कळतो. लपणे व निःशब्द चालणे यांत प्रत्येकी आठ, वेषांतरात चार गुण लागतात. कौशल्याचे गुण पातळीपेक्षा तीननेच जास्त ठेवता येतात, म्हणून पाचव्या पातळीआधी आठ गुण होत नाहीत. पात्र दुष्ट पक्षाचे हवे. शेवटची अट आकड्यात बसत नाही : मारेकऱ्यांत सामील होण्यापलीकडे कोणतेही कारण नसताना एकाचा जीव घ्यावा लागतो. ही अट पुरी झाली की नाही हे कागदावर दिसत नाही. तो प्रसंग टेबलावर खेळूनच दाखवावा लागतो.

निवडीचा हिशोब : प्रगत वर्ग निवडायचा क्षण सहाव्या-सातव्या पातळीवर येतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो पहिल्याच पातळीवर येऊन गेलेला असतो. आर्केन आर्चरला एल्फ किंवा अर्ध-एल्फ रक्त, हल्ल्याचा मूळ आकडा +६, धनुर्विद्येची तीन कसबे आणि पहिल्या दर्जाचा मंत्र लागतो. सहा पातळ्या योद्धा व एक पातळी जादूगार असे केल्यास आठव्या पातळीला प्रवेश मिळतो. माणूस म्हणून जन्मलेल्या पात्राला ही वाट बंदच. आत गेल्यावर बाण आपोआप जादूचे होतात, या वर्गाच्या दुसऱ्या पायरीला मंत्र बाणात भरून सोडता येतो, दहाव्या पायरीला मृत्युबाण मिळतो. पण जादूगारीची वाढ तिथेच थांबते. पहिल्या दर्जाचे दोन-चार मंत्र घेऊन पात्र म्हातारे होते, आणि बाणात भरायला साजेसा मंत्रच हाताशी नसतो.

मिस्टिक थिअर्ज हा पुरोहित व जादूगार यांचा संगम. त्याला दोन्हीकडचे दुसऱ्या दर्जाचे मंत्र लागतात, म्हणजे तीन पातळ्या पुरोहित आणि तीन पातळ्या जादूगार. सातव्या पातळीला तो आत येतो तेव्हा दोन्ही विद्यांत चौथ्या पातळीच्या तोलाचा असतो, पण मंत्र दुसऱ्याच दर्जाचे. शेजारी बसलेला निव्वळ जादूगार तेव्हा चौथ्या दर्जाचे मंत्र टाकत असतो. सोळाव्या पातळीला हे अंतर सातवा दर्जा विरुद्ध आठवा इतके कमी होते. मंत्रांची संख्या मात्र थिअर्जकडे जवळजवळ दुप्पट. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचे मधले दिवस हलाखीचे जातात, आणि मोहीम दहाव्या पातळीला मोडली तर त्याच्या पदरी हलाखीच उरते.

विशेषज्ञतेचा धोका वेगळा आहे. धनुष्य हिसकावले की आर्केन आर्चर साध्या योद्ध्यापेक्षाही उणा ठरतो. कैदखाना, मेजवानी, नौका बुडणे असे प्रसंग डीएम घालणार का, हे आधी विचारून घ्यावे.

महाभारतातील सादृश्ये : हत्यारावाचून उणा न ठरणारा विशेषज्ञ महाभारतात सापडतो. भीम हा गदायुद्धाचा विशेषज्ञ, पण आदिपर्वात एकचक्रेच्या बकासुराला तो मारतो ते नुसत्या हातांनी. गाडाभर अन्न स्वतःच खातो, झाडे उपटून झुंजतो आणि शेवटी राक्षसाची पाठ मोडतो. जळगाव जिल्ह्यातील, अंजनी नदीकाठचे एरंडोल हीच ती एकचक्रा असे खानदेशात मानतात. बिहारातील आरा इत्यादी ठिकाणांचाही तसाच दावा आहे.   

प्रवेशाच्या अटींचे नेमके उदाहरण कर्णाचे. परशुराम ब्राह्मणालाच अस्त्रे शिकवतो, म्हणून कर्ण ब्राह्मण असल्याचे सांगून विद्या घेतो. मांडी पोखरणाऱ्या किड्याने बिंग फुटते, आणि ऐन गरजेला ब्रह्मास्त्र आठवणार नाही असा शाप मिळतो. २००३ च्या ‘कम्प्लीट वॉरियर’मधील नियम जवळजवळ हाच आहे : प्रवेशाची अट नंतर मोडली तर वर्गाची खास सामर्थ्ये जातात. तो इतर पुस्तकांतील वर्गांना लागू होतो की नाही याबद्दल खेळाडूंत एकमत नाही. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही सैन्यांतील रथी, अतिरथी मोजतो, तेव्हा याच शापाचा व गेलेल्या कवचकुंडलांचा हिशोब करून कर्णाला ‘अर्धरथ’ ठरवतो. पातळी सर्वांत चढी, पण सामर्थ्ये कापलेली, असे पात्र ज्याने टेबलावर चालवले आहे त्याला कर्णाचा तो संताप समजेल. एकलव्याचे प्रकरण वेगळ्या जातीचे आहे. तिथे अट पुरी करूनही दार उघडत नाही.

खेळाच्या मूळ साहित्यात भारतीय दैवते १९७६ व १९८० च्या पुस्तकांत आली. १९७७ च्या प्राणिकोशात राक्षसही आहे, पण तो वाघतोंड्या, मायावी आणि मंतरलेल्या तीराने मरणारा. बकासुराशी त्याचे नावापुरतेच नाते.

चौथी आवृत्ती (२००८) : अकराव्या व एकविसाव्या पातळीला सर्वांनाच पुढचा मार्ग निवडावा लागे. अटी नाममात्र.

पाचवी आवृत्ती (२०१४) : प्रगत वर्ग गेले, उपवर्ग आले. बहुतेकांची निवड तिसऱ्या पातळीपर्यंत होऊन जाते. अ‍ॅसॅसिन आता चोराचा उपवर्ग आहे आणि त्याला कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. २०१५ मध्ये रूनलेखकाचा एक प्रगत वर्ग चाचणीसाठी प्रसिद्ध झाला, पण पुढे रुजला नाही.

पाथफाइंडर (२००९) : तिसऱ्या आवृत्तीचा वारसा चालवणारा खेळ. प्रगत वर्ग ठेवले, पण मूळ वर्गातच टिकून राहणे इतके फायद्याचे केले की त्यांची गरज उरली नाही.

संगणकीय रूप : ‘नेव्हरविंटर नाइट्स’ (२००२) च्या पहिल्या पुरवणीत, २००३ मध्ये, आर्केन आर्चर, अ‍ॅसॅसिन, ब्लॅकगार्ड, शॅडोडान्सर इत्यादी वर्ग आले. प्रसंग पारखायला तिथे सहसा डीएम नसतो. लपण्याचे आठ, चालण्याचे आठ आणि दुष्ट पक्ष एवढे जुळले की यंत्र अ‍ॅसॅसिनचे दार उघडते.