वैमानिकाची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एवढं वाचा

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत कुणी हवाई दलातून निवृत्त झालेलं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

गेली काही वर्षं मी लष्करी वैमानिकांच्या जुन्या वस्तू जमवतो. हेल्मेट, गॉगल, ऑक्सिजन मास्क, जी-सूट, नकाशे, पदकं, आणि या सगळ्यांत मोलाचं म्हणजे लॉगबुक. "हे मिळतं कुठे?" असं लोक विचारतात. उत्तर जरा कडू आहे. बहुतेक वेळा माणूस गेल्यावर मिळतं.

अमेरिकेत याची रीतसर पद्धत आहे. तिथे त्याला इस्टेट सेल म्हणतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं, मुलं दूरच्या गावी, की घरातल्या प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात आणि दोन-तीन दिवस घर लोकांसाठी उघडं ठेवतात. कपबशांपासून पलंगापर्यंत सगळं विकायला. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची ए-टू नावाची चामडी जाकिटं तिथे अशीच बाहेर आली. काही जाकिटांवर चीनचा झेंडा आणि चिनी अक्षरं असलेला कापडाचा तुकडा दिसतो. 'हा परदेशी वैमानिक तुमच्या मदतीला आलाय, याला वाचवा' अशा अर्थाचा मजकूर त्यावर असायचा. आपल्या आसाममधून हिमालयाच्या डोंगररांगा ओलांडून चीनला रसद पोचवणारी अमेरिकन विमानं होती ना, त्यांच्या वैमानिकांजवळही असे तुकडे असत. म्हणजे तिकडच्या कुणा म्हाताऱ्याच्या कपाटात आसामच्या विमानतळांचा इतिहास टांगलेला असू शकतो!

पण या सेलमध्ये एक मोठी गोची होते. जाकीट एकजण नेतो, पदकं दुसरा, फोटोंचा अल्बम तिसरा. लॉगबुकात कुणाला रस नसला तर ते कागदांच्या खोक्यात जातं. संध्याकाळपर्यंत एका माणसाचं आयुष्य चार गाड्यांतून चार दिशांना गेलेलं असतं.

आपल्याकडे इस्टेट सेल नाही. आपल्याकडे रिडेव्हलपमेंट आहे. बंगला पाडायचा असतो, बिल्डरने तारीख दिलेली असते, मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर परदेशातून आलेला असतो. माळ्यावरची काळी ट्रंक उघडायला वेळ कुणाला? पुस्तकं-वह्या रद्दीवाल्याकडे किलोवर, धातूचं भंगारवाल्याकडे, आणि उरलंसुरलं पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात. पुण्यात लोहगावचा तळ, नाशिकजवळ ओझरचा विमान कारखाना, त्यामुळे आपल्या भागात अशा ट्रंका कमी नाहीत.

आता कुणी म्हणेल, जुन्या हेल्मेटचं एवढं काय? म्हणून आधी लॉगबुक म्हणजे काय ते सांगतो. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही जाडजूड वही. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, सोबत कोण, काम काय, हवेत किती वेळ. महिनाअखेरीस बेरीज आणि त्यावर वरिष्ठांची सही. आठवणी लिहिताना माणूस चार गोष्टी विसरतो, दोन वाढवून सांगतो. लॉगबुकातली ओळ मात्र त्याच सुमारास लिहिलेली आणि वरिष्ठाने तपासलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा काय हवं?

आणि आपल्याला अशा कागदांची गरज जास्तच आहे. १९६५च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२मध्ये तयार केला, पण तो लोकांसाठी छापला नाही. २०००मध्ये तो एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर आला तेव्हा कुठे सामान्य वाचकाला दिसला. २०२१मध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धांचा इतिहास पाच वर्षांत संकलित व्हावा आणि कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हावीत. धोरण चांगलंच आहे. पण तोपर्यंत कितीतरी माहिती टिकली ती घराघरांतल्या ट्रंकांमध्ये.

कागद नसला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. ७ सप्टेंबर १९६५. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या, कोडगूचे. सरगोधा तळावरच्या हल्ल्यासाठी त्यांचं नाव राखीव वैमानिकांत होतं, पण ऐन वेळी ते मिस्टेअर विमान घेऊन मोहिमेत सामील झाले. परत आले नाहीत. नक्की काय घडलं, हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं अशीच गेली. १९७९मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं पाकिस्तानी हवाई दलाच्या लढाईवरचं पुस्तक आलं. त्यातून कळलं की परतीच्या वाटेवर एका मिस्टेअरने पाकिस्तानच्या स्टारफायटरशी झुंज घेतली आणि त्या झुंजीत स्टारफायटर पडलं. स्टारफायटर म्हणजे त्या काळी तिकडचं सगळ्यात वेगवान विमान! ताळा जुळवल्यावर ते मिस्टेअर देवय्यांचंच होतं हे स्पष्ट झालं. १९८८मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तेवीस वर्षांनी. तेही शत्रूच्या बाजूने कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

दुसरं उदाहरण आपल्या मराठी माणसाचं. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९७१च्या युद्धात त्यांचं सुखोई-७ पडलं आणि ते युद्धकैदी झाले. १३ ऑगस्ट १९७२च्या रात्री ते, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे रावळपिंडीच्या छावणीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. तयारी कशी केली होती बघा. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं, आणि पाणी न्यायला जी-सूटमधल्या रबरी पिशव्या वापरल्या.

जी-सूट म्हणजे वैमानिक पायांवर आणि पोटावर बांधतो तो पोशाख. विमान जोरात वळलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा या सूटमधल्या पिशव्या हवेने फुगतात, पाय आणि पोट आवळतात, रक्त वर राहतं. जुन्या बाजारात असा सूट दिसला तर कुणाला वाटेल, फाटक्या पँटीला नळी का जोडलीय? ज्याला परुळकरांची गोष्ट माहीत आहे त्याला त्यात वेगळंच काही दिसतं.

ते तिघे पार खैबरपर्यंत, लंडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द अगदी जवळ. नकाशात पुढे लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन दिसत होतं, म्हणून त्यांनी तिकडची वाट विचारली. ते स्टेशन १९३२मध्येच बंद पडलं होतं! चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनची चौकशी कोण करतंय, असा लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. डिसेंबर १९७२मध्ये ते मायदेशी परतले. ऑगस्ट २०२५मध्ये परुळकर गेले. ती पिढी आता झपाट्याने चाललीय.

त्यात २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३पासून बासष्ट वर्षं. त्यातली शेकडो विमानं आपल्या ओझरला बनली. ती उडवणाऱ्यांच्या आणि बनवणाऱ्यांच्या घरातल्या वस्तू आता पुढची दहा-वीस वर्षं माळ्यांवरून खाली येत राहणार. त्या कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून काही गोष्टी, हात जोडून सांगतो.

पहिली, ट्रंक फोडू नका. हेल्मेट, पदकं, लॉगबुक, पत्रं, फोटो सगळं एकत्र राहू द्या. निनावी हेल्मेट ही शोभेची वस्तू आहे. लॉगबुकासोबतचं हेल्मेट हा पुरावा आहे.

दुसरी, विकायचं असो वा नसो, आधी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. मोबाईलवर तासाभराचं काम. फोटोंच्या मागे नावं लिहा, पेन्सिलने. आजोबा असतील तर त्यांना विचारून, आजच.

तिसरी, पदकांच्या कडा बघा. आपल्याकडच्या बहुतेक लष्करी पदकांवर सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कुणाला रस्त्यावर असं पदक मिळालं तर ते नाव शोधा. अमेरिकेत त्यांचा सर्वोच्च पुरस्कार, मेडल ऑफ ऑनर, विकणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि हरवलेली पदकं घरच्यांपर्यंत पोचवणारे स्वयंसेवकही आहेत. हे काम आपणही करू शकतो.

चौथी, परदेशी गिऱ्हाईक आलं म्हणून हुरळून जाऊ नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षं जुना असला तर तो पुरावस्तू ठरतो, इतर वस्तूंना १०० वर्षं लागतात. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. महायुद्धातलं लॉगबुक या हिशेबात बसू शकतं.

पाचवी, जिवाची. विमानाची जुनी घड्याळं आणि डायल अंधारात चमकावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग देत. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काच उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आणि घरात ठेवायला खरंच जागा नसेल, तर दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, चंदीगडला हेरिटेज सेंटर आहे. आधी पत्र लिहून विचारा. आमच्यासारखे जमवणारे शेवटच्या नंबरावर ठेवा. हे मी जमवणारा असूनच म्हणतोय. माझ्या कपाटात आलेली वस्तू माझ्यानंतर पुन्हा त्याच बाजारात जाऊ शकते.

तुमच्या घरात, शेजारी अशी ट्रंक असेल तर कमेंटमध्ये सांगा. मला वस्तू नकोय. कुणाचं लॉगबुक आहे आणि त्याची पानं कशी जपायची, एवढं आपण मिळून बघू. आणि ज्यांच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे, त्यांच्या ग्रुपवर ही पोस्ट आजच टाका. रद्दीवाला उद्या सकाळीच येतो.