पाटांगणची पोथी आणि संशोधन मंडळाचे प्रयोजन

विद्वत्सभेचा इतिहास लिहिताना तिचे संस्थापक, सभासद व प्रकाशने यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. परंतु अशा सभेची आवश्यकता कोणती, हे पुष्कळदा तिच्या कक्षेबाहेर राहिलेल्या एखाद्या साधनावरून अधिक स्पष्ट होते. बीडच्या पाटांगण येथील ज्ञानेश्वरीची पोथी हे असेच एक साधन होय.

ही पोथी वि. का. राजवाडे यांना मिळाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्यात मराठी साहित्य परिषद स्थापन होण्यास १९४३ साल उजाडावे लागले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. आपली पोथी त्यापूर्वीची, असे राजवाड्यांचे मत होते. १९०९ साली त्यांनी तिची संहिता छापली व तिच्याच आधारे ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण सिद्ध केले.

पुढच्याच वर्षी, ७ जुलै १९१० रोजी, राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. इंग्लंडात मँचेस्टरसारख्या प्रांतिक नगरांत अठराव्या शतकापासून विद्वत्सभा होत्या. सभासदाने निबंध वाचावा, इतरांनी तो पारखावा व नंतर तो छापावा, ही त्यांची रीत. मंडळाने या रीतीस दप्तरे व पोथ्या यांच्या संग्रहाची जोड दिली. त्यामुळे एकाने काढलेला निष्कर्ष मूळ कागद पाहून दुसऱ्यास तपासता येऊ लागला.

पाटांगणच्या पोथीस मात्र हे भाग्य लाभले नाही. मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिचे अक्षरवळण, कागद व दुरुस्त्या पाहून तिचा काळ पुन्हा ठरविण्याचा मार्ग त्यामुळे खुंटला. पुढील संपादकांना छापील राजवाडे-संहितेवर भिस्त ठेवावी लागली. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. पण विद्वत्ता ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. उलट, त्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस दासोपंतांची वस्त्रावर लिहिलेली पासोडी टिकून राहिली. तिच्याविषयीचे कोणतेही विधान मूळ वस्तूशी ताडून पाहता येते.

संशोधकाची दृष्टी त्याच्याबरोबर संपते. साधन मात्र त्याच्यामागे उरले पाहिजे. ते उरावे अशी व्यवस्था करणे, हेच विद्वत्सभेचे पहिले प्रयोजन होय.