परकायाप्रवेश : देहाचे देणे आणि मराठी कथनपरंपरा

'ऑल्टर्ड कार्बन' (२०१८-२०) या विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी-मालिकेत माणसाची जाणीव मानेतील तबकडीत साठवली जाते आणि देह वस्त्राप्रमाणे बदलता येतो. मराठीत या आशयसूत्राचा इतिहास आद्य गद्यग्रंथापासून सुरू होतो. 'लीळाचरित्रा'नुसार द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देह ठेवला व भडोचच्या प्रधानाचा मृत पुत्र हरिपाळदेव याच्या देहाचा स्वीकार केला. तेच पुढे चक्रधर. महानुभावीय परिभाषेत हा 'पतिताचा' अवतार होय.

लक्षणीय बाब ही, की म्हाइंभट चमत्कारापाशी थांबत नाहीत. उठलेल्या देहाबरोबर त्याचा संसारही येतो : द्यूतातील हार, पत्नीने नाकारलेले अलंकार, त्यातून आलेली विरक्ती आणि रामटेकची वाट. मालू कवीच्या 'नवनाथभक्तिसारा'त (१८१९) मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात वावरतो. त्याने परत जाऊ नये म्हणून राणी रेवती त्याच्या मूळ देहाचा नाश घडवू पाहते. प्रवेश करणारा एक. देहावर हक्क सांगणारी दुसरीच.

मालिकेतही कोव्हॅक्सला मिळालेला देह रायकरचा आहे आणि ऑर्टेगाचे प्रेम त्या देहधन्यावर आहे. भेद मूलभूत आहे तो पुढे. तेथे देह क्रयवस्तू ठरतो. धनिक शतकानुशतके जगतात, कैद्याचा देह दुसऱ्याच्या वापरात जातो. आपल्या संहितांत देह हे नात्यांचे देणे आहे. आत्म्याच्या प्रवासाची मीमांसा पुष्कळ झाली. हे देणे ज्यांना भोगावे लागले, त्या स्त्रियांच्या बाजूने या संहितांचे वाचन व्हायला हवे.