एका जोडणीचे वाटेकरी

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतील सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची सेवा खुली केली, तेव्हा निगमाला अभिप्रेत असलेला ग्राहक एकटा होता. त्याच्यापुढे एक संगणक, संगणकाला जोडलेला एक मोडेम, मोडेमपासून भिंतीपर्यंत गेलेली टेलिफोनची एक तार आणि त्या तारेच्या पलीकडे निगमाचे यंत्र, अशी ती सरळ रेषेतली योजना होती. विद्यार्थ्यांना मिळणारे स्वस्त खाते केवळ अक्षरे दाखवी. चित्रांसह जाळे पाहू देणाऱ्या खात्याला वर्षाकाठी हजारो रुपये पडत, त्यातही तास मोजून दिलेले असत, आणि टेलिफोनच्या कॉलचा आकार त्याहून निराळा. अशा महाग वस्तूचा उपभोग घरात एका वेळी एकानेच घ्यायचा, हे त्या काळी कोणाला खटकलेही नाही. कारण घरात संगणक मुळात एक, आणि टेलिफोनही एकच होता, ज्याचे दुसरे जोडयंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलेले असे आणि ते आईने सहज उचलले की बाहेरच्या खोलीत तासभर रखडत उतरत असलेली फाइल जागच्या जागी मरून पडे.

भांडणाला खरे तोंड फुटले ते दुसरा संगणक घरात आल्यावर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तापकीर गल्लीत सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देणाऱ्यांचा धंदा तेजीत होता, आणि शतक संपता संपता अनेक मध्यमवर्गीय घरांत नवे यंत्र येऊन जुने धाकट्या भावंडाच्या वाट्याला गेले. आता यंत्रे दोन, माणसे चार, आणि जोडणी एक. दुसरी टेलिफोन लाइन घ्यावी तर तिचा खर्च निराळा, दुसरे खाते घ्यावे तर तो त्याहून निराळा. आणि जी तार एका यंत्राला पुरते ती दोघांना का पुरू नये, हा प्रश्न घरातल्या सर्वांत लहान मुलालाही पडण्याजोगा होता.

त्याचे उत्तर मात्र तारेत नव्हते, पत्त्यांच्या व्यवस्थेत होते. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला बत्तीस द्विमान अंकांचा एक पत्ता असावा, हे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीने ठरवून टाकले होते. बत्तीस अंकांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात, आणि ज्या काळी हे जाळे विद्यापीठे, सैन्य व मोजक्या कंपन्या यांच्यापुरते होते त्या काळी ही संख्या अक्षय्य भासणे स्वाभाविक होते; इतके की एकेका संस्थेला एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्त्यांचा सलग पट्टा बहाल करताना कोणाचा हात आखडला नाही. पुढे दहा वर्षांच्या आतच ही उधळपट्टी अंगाशी येणार असे दिसू लागले. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी पत्त्यांच्या अनुवादाची एक तजवीज लेखी मांडली आणि ती तात्पुरती असल्याचेही तेथेच सांगून टाकले. फेब्रुवारी १९९६ मध्ये आणखी एका दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले, म्हणजे ते कोणीही आपल्या हद्दीत खुशाल वापरावेत, मात्र हद्दीबाहेर त्यांना काडीचीही किंमत नाही. १९२.१६८ ने आरंभ होणारा पट्टा हा त्या तिघांपैकी सर्वांत लहान, पण घरोघरी सर्वांत परिचित झाला.

ही तजवीज कशी चाले, हे समजण्यासाठी गिरणगावातली खोली आठवावी. कोकणातून आलेली दहा-पंधरा माणसे एकाच खोलीत राहत, आणि त्या सर्वांची पत्रे ज्याच्या नावावर खोली असे त्याच्या मार्फत येत. टपालखात्याच्या दृष्टीने पत्ता एक, आत माणसे कितीही. संगणकांच्या बाबतीत हा मार्फतदार अधिक काटेकोर असतो, कारण तो बारनिशी ठेवतो. आतल्या यंत्राने बाहेर धाडलेल्या प्रत्येक पुडक्यावरचा खाजगी पत्ता तो खोडतो, त्याजागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्टक्रमांक घालतो, आणि कोणता क्रमांक कोणाच्या नावे दिला याची नोंद करून ठेवतो. उत्तर त्या क्रमांकावर आले की नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे पोहोचते. क्रमांक सोळा द्विमान अंकांचे, म्हणजे ६५,५३५ पर्यंत. घराला ते पुरून उरतात. परंतु ज्या पत्राची बारनिशीत नोंदच नाही, जे आतून कोणी न मागता बाहेरून आपण होऊन आले आहे, त्याचे काय करावे हे मार्फतदाराला उमगत नाही आणि तो ते टाकून देतो. मूळच्या जाळ्यात प्रत्येक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राला थेट हाक मारू शकत होते. या व्यवस्थेने घराला उंबरठा दिला, आत आणि बाहेर असा भेद उत्पन्न केला. पुष्कळांनी त्याला सुरक्षितता मानले, आणि ती काही अंशी तशी होतीही. पण टंचाईच्या निवारणासाठी केलेल्या सोयीचा तो आनुषंगिक परिणाम होता, हे विसरू नये.

घरात ही व्यवस्था प्रत्यक्ष आणायची तर आधी दोन यंत्रे एकमेकांना जोडणे प्राप्त होते. प्रारंभी टेलिव्हिजनच्या केबलसारखी दिसणारी गोल तार यंत्रांमागून फिरवीत नेत. प्रत्येक यंत्रापाशी टी-आकाराचा जोड, आणि तारेच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर. झाडू मारताना एक टोक ढिले झाले की सगळेच जाळे ठप्प होई आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाई. नंतर आठ तारांची, दोन-दोन पिळून चार जोड्या केलेली केबल आली. तिच्या टोकाला पारदर्शक प्लग बसवणे ही त्या पिढीतील हौशी मुलांची एक विद्याच होती: वरचे आवरण इंचभर सोलायचे, पीळ सोडवून तारा सरळ करायच्या, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने त्या चिमटीत धरायच्या, एका रेषेत कापायच्या आणि प्लगमध्ये सरकवून क्रिम्पिंग टूलने दाबायच्या. दोन संगणक मध्ये हब न घेता थेट जोडायचे असतील तर एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल करावी लागे, कारण एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला मिळाली पाहिजे. दुकानात तिला क्रॉस केबल म्हणत, आणि ती साध्या केबलपासून ओळखू यावी म्हणून जाणते लोक तिच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळीत.

तारेनंतर मार्फतदार हवा. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला विनगेट हा प्रोग्राम १९९५ पासून हे काम करीत होता. इकडे बहुतेकांनी तो पैसे न देता मिळवला, हे सांगण्यात संकोच कशाला. लिनक्सचे उपासक त्यांना तुच्छ लेखीत. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून लिनक्स उतरवून घ्यायचे, अडगळीतल्या ४८६ जातीच्या यंत्रावर ते बसवायचे, आणि पडदा व कळफलक काढून घेऊन ते यंत्र कपाटाखाली केवळ पत्ते बदलण्याच्या चाकरीस लावायचे, यात त्यांना जो आनंद होई तो जाळे पाहण्याच्या आनंदाहून मोठा असावा. परंतु हा प्रकार सर्वसामान्य घरात शिरला तो १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने जोडणी वाटून घेण्याची सोय आपल्या पोटातच आणली तेव्हा. मोडेम ज्या संगणकाला जोडलेला असे तो यजमान ठरे, १९२.१६८.०.१ हा पत्ता आपल्याकडे घेई आणि इतरांना त्याच पट्ट्यातील पत्ते आपण होऊन वाटून देई.

त्या व्यवस्थेतील एक गोष्ट अधिकाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. यजमान यंत्र चालू असेल तोवरच इतरांना जोडणी, आणि ते यंत्र बहुधा थोरल्या भावाच्या खोलीत. त्याने यंत्र बंद केले, ते अडकले, किंवा नवा गेम घालताना ते पुन्हा सुरू करावे लागले, की पलीकडच्या खोलीतून "दादा, नेट गेलं!" अशी हाक येई. ज्या मुलाला केबल क्रिंप करता येते आणि पत्ते घालता येतात त्याच्याकडे घराच्या या नव्या दौलतीची मुखत्यारी आली, आणि ज्या वडिलांनी पैसे भरले होते त्यांना शेअरचे भाव पाहण्यासाठी मुलाची मर्जी सांभाळावी लागू लागली. कर्तेपणाचे हे हस्तांतर कोणत्याही घरात विधिपूर्वक झाले नाही, वहिवाटीने झाले.

त्याच सुमारास केबलवाल्याने या क्षेत्रात पाऊल टाकले. उपग्रह वाहिन्या आल्यापासून गच्चीवरून गच्चीवर तारा टाकण्याचा जम त्याने बसवलेला होताच. त्याच वाटेने आता आठ तारांची केबल आली, जिन्यातल्या मीटरच्या पेटीशेजारी स्विचची डबी लटकली, आणि साऱ्या इमारतीचे मिळून एक जाळे झाले. येथे ग्राहकाच्या हाती पडे तो खाजगी पत्ताच. सार्वजनिक पत्ता केबलवाल्याच्या यंत्राकडे, म्हणजे आपले घर हे दुसऱ्याच्या घरातील एक खोली. संगणकाच्या पडद्यावरील 'नेटवर्क नेबरहुड' उघडले की शेजाऱ्यांची यंत्रे त्यांच्या नावांसह दिसत, आणि ज्याने आपले फोल्डर अजाणतेपणी खुले ठेवले असेल त्याच्या लग्नाची छायाचित्रे व गाणी चौथ्या मजल्यावरच्या मुलाला सुखेनैव पाहता येत. दुसऱ्या संगणकासाठी केबलवाला जादा पैसे मागे आणि ते बुडू नयेत म्हणून नेटवर्क कार्डाच्या जन्मक्रमांकाशी खाते बांधून टाकी. लोकांनी तोच क्रमांक दुसऱ्या यंत्राला घालून त्याला चकवले, आणि पुढे राउटर बनवणाऱ्यांनी हा क्रमांक उतरवून घेण्याची कळच राउटरमध्ये देऊन या लबाडीला प्रतिष्ठा मिळवून दिली.

राउटर नावाची स्वतंत्र डबी घरात येण्यास २००५ साल उजाडावे लागले. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट इतका वेग असलेल्या अखंड जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरवले आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून ती सेवा सुरू केली. तारेवर स्प्लिटर बसला, बोलणे आणि जाळे एकाच वेळी चालू लागले, स्वयंपाकघरातले जोडयंत्र निरपराध ठरले. मोडेमच्याच पोटात पत्ते बदलणारा मार्फतदार आला आणि थोरल्या भावाचे यजमानपद संपुष्टात आले. रात्री दोन ते सकाळी आठ ही वेळ मोजणीतून वगळणारी जी योजना भारत संचार निगमाने काढली, तिच्यामुळे घरातील दोन-तीन यंत्रे पहाटे दोनला एकदम कामाला लागत आणि वाटणीचा प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा उभा राही.

बिनतारी वाटणीला मात्र कायद्याचा अडसर होता. बिनतारी जाळ्याचे ११ मेगाबिटांचे मानक १९९९ मध्येच ठरले होते. परंतु आपल्याकडे आकाशलहरी १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांखाली सरकारच्या मिळकतीत मोडत, आणि परवान्यावाचून त्यांचा वापर हा गुन्हा. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, तेव्हा वायफायचा मार्ग मोकळा झाला. जोडणी भिंती ओलांडू लागली तशी वाटेकऱ्यांची व्याख्याही सैल झाली. दोन शेजाऱ्यांनी निम्मे-निम्मे पैसे घालून एक जोडणी घेणे हा प्रकार पुष्कळ इमारतींत चाले. सांकेतिक शब्द न घालता वायफाय उघडे ठेवणाऱ्यांची तर गणतीच नव्हती.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेतील वायफायवरून गेल्याचे तपासात निघाले. तेथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या जोडणीचा वापर दुसऱ्याच कोणी परभारे केला होता. परंतु बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता त्याचा, म्हणून पोलिसही प्रथम त्याच्याच दारी गेले. मार्फतदाराची बारनिशी ही पुराव्यासाठी लिहिलेली नसते. काम झाले की नोंद पुसली जाते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सेवादात्यांना आदेश काढून ग्राहकांची बिनतारी जोडणी सुरक्षित करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, आणि सांकेतिक शब्द ही हौशी लोकांची नव्हे तर घरोघरची बाब झाली.

आशियातील पत्त्यांचा खुला साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. पुढच्याच वर्षी १००.६४ पासूनचा एक्केचाळीस लाखांहून अधिक पत्त्यांचा पट्टा खास सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखण्यात आला, आणि घराने जी युक्ती आपल्या दोन संगणकांसाठी योजली होती तीच सेवादाते हजारो घरांसाठी योजू लागले. केबलवाल्याच्या जाळ्यात जे घडे तेच आता मोठ्या प्रमाणावर घडते: घरातील राउटर आपल्यापुरता मार्फतदार, आणि त्याच्यावर सेवादात्याचा दुसरा मार्फतदार. १२८ अंकांचे नवे पत्ते १९९८ पासून लेखी तयार आहेत आणि भारतात त्यांचा प्रसारही चांगला आहे; तरी जुनी व्यवस्था सुटत नाही. पुण्यात राहून कोकणातल्या बंद घरावर कॅमेऱ्याच्या डोळ्याने लक्ष ठेवू पाहणाऱ्याला हे प्रथम कळते. कॅमेरा सुरू असतो, जोडणी सुरू असते, राउटरमध्ये पोर्ट उघडलेला असतो, तरी बाहेरून मारलेली हाक आत पोहोचत नाही, कारण ती वरच्याच मार्फतदाराने टाकून दिलेली असते. मग कॅमेऱ्याच्या कंपनीचे सर्व्हर मध्ये घेऊन काम भागवावे, नाहीतर सेवादात्याला फोन करावा. स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, पण त्याचे मासिक भाडे वेगळे पडते.