दुभाष्या कोणाचा?

फौजदारी खटला आरोपीच्या समक्ष चालला पाहिजे, हे तत्त्व जुने आहे. पण समक्ष म्हणजे काय? आरोपीच्या पिंजऱ्यात देह उभा केला म्हणजे माणूस हजर झाला काय? परक्या मुलखात, परक्या भाषेत ज्याचा न्याय होतो त्याच्या बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. या प्रश्नाचा इतिहास चाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. दुभाष्या बोलावला जातो तो बहुधा आरोपीचे बोलणे न्यायालयाला कळावे म्हणून. न्यायालयाचे बोलणे आरोपीला कळावे, ही निकड फार उशिरा सुचते.

इंग्लंडमधील ली कुन खटला १९१६ च्या विधि-अहवालात नोंदलेला आहे. खुनाचा आरोप असलेल्या या चिनी माणसाला इंग्रजी येत नव्हते. खालच्या कोर्टात साक्षी त्याला समजावून दिल्या गेल्या. वरच्या कोर्टात, जिथे जिवाचा निकाल लागायचा, तिथे नाही. त्याच्या वकिलानेही हरकत घेतली नाही. अपिलात सरन्यायाधीश लॉर्ड रीडिंग यांनी सांगितले, की हजेरी म्हणजे नुसते शरीराने उभे राहणे नव्हे. चाललेले काय ते आरोपीला कळले पाहिजे. इतके सांगूनही अपील फेटाळले गेले. भरीव अन्याय झालेला नाही, असे न्यायालयाला वाटले.

सुमारे पन्नास वर्षांनी न्यूयॉर्क राज्यात बटाटे भरण्याच्या कारखान्यातील नेग्रॉन नावाच्या मजुरावर खुनाचा खटला झाला. तो पोर्तो रिकोचा, म्हणजे कायद्याने अमेरिकेचाच नागरिक. पण भाषेने परका. त्याला इंग्रजी येत नव्हते, सरकारने दिलेल्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. सरकारपक्षाच्या चौदा साक्षीदारांपैकी बारा जण इंग्रजीत बोलले. सरकारपक्षानेच नेमलेली दुभाषी बाई मधल्या सुटीत त्याला थोडक्यात गोषवारा सांगे. त्याची स्वतःची साक्ष मात्र न्यायाधीश आणि ज्यूरीसाठी इंग्रजीत आणली गेली. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते त्याच्या वाट्याला गोषवारा! १९७० साली वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली आणि १९७८ साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी दुभाष्यांचा कायदा झाला.

आपल्याकडे कागदावर तरतूद आहे. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील पुरावा उघड न्यायालयात त्याच्या भाषेत सांगितला पाहिजे, हा नियम १८९८ च्या फौजदारी संहितेत होता, १९७३ च्या संहितेत कलम २७९ म्हणून आला आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही राहिला. आरोपी देशी की विदेशी, असा भेद त्यात नाही. दुभाष्या विनामूल्य मिळावा, असे सांगणाऱ्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराशी भारत १९७९ पासून बांधील आहे. परंतु पुराव्यात दाखल होणाऱ्या कागदपत्रांपैकी किती भाग समजावून द्यायचा, हे कलम २७९ ने न्यायालयाच्या मर्जीवर सोडले होते. बहुतेक खटला कागदांवरच उभा असतो, हे काय कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते?

स्थानबद्धतेची कारणे कळवण्याची अट घालणारे कलम बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडले. ‘कळवणे’ या शब्दाचा कस १९६२ साली लागला. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने हरिकिसन यांना स्थानबद्ध करून कारणे इंग्रजीत दिली. त्यांना हिंदी येत होते, इंग्रजी नव्हते. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावले, हे सरकारचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही आणि त्यांची सुटका केली. न समजणाऱ्या भाषेत कळवणे म्हणजे न कळवणेच.

मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या वडिलांची भाषा मराठी आणि समन्सही मराठीत. तरी ते वाचून घ्यायला त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागे. म्हणून नेग्रॉन मला दूरचा वाटत नाही. ज्यांना मुके म्हटले गेले त्यांना जीभ होती. ज्या ठिकाणी निर्णय होत, तिथली भाषा त्यांची नव्हती.

तेव्हा नुसत्या कलमावर समाधान मानून चालणार नाही. परदेशी आरोपीच्या प्रत्येक खटल्यात दुभाष्या कोणी नेमला, त्याला आरोपीची भाषा खरोखर येते काय, त्याने साक्षी पूर्ण सांगितल्या की गोषवारा दिला, याची नोंद निकालपत्रात झाली पाहिजे. ही नोंद नसेल तर आरोपी हजर होता, असे त्या निकालपत्राने म्हणू नये.