कुत्रा आणि धावते चाक

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचीच आठवण व्हावी, असा आपल्या शिक्षणाचा परिपाठ आहे. परंतु मनुष्याच्या संसारात असे कित्येक लहान व्यवहार आहेत की, ज्यांच्या मागे शतकानुशतकांचा इतिहास उभा असतो आणि त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. रस्त्याने मोटार जाऊ लागली की कोपऱ्यावर निजलेला कुत्रा एकाएकी उठतो, भुंकत भुंकत तिच्या चाकाबरोबर पन्नास-साठ पावले धावतो, आणि मग जणू काही घडलेच नाही अशा थाटाने परत फिरून आपल्या जागी येऊन बसतो. हा देखावा न पाहिलेला मनुष्य आपल्याकडे विरळाच. कुत्रा असे का करतो, आणि अजूनही तो तसे करतो काय, हे दोन प्रश्न वरवर पाहता थट्टेचे वाटतील. परंतु रात्री दुचाकीवरून घरी परतणाऱ्या मनुष्याचा प्राण आणि त्या मुक्या जनावराचा प्राण, असे दोन्ही या प्रश्नांत गुंतलेले आहेत. यास्तव त्यांचा थोडा इतिहासाच्या अंगाने विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुत्र्याचे चाकामागे धावणे मोटारीच्या जन्माबरोबर सुरू झाले नाही. मोटारीपूर्वी शंभर वर्षे हेच धावणे इंग्लंडात मोठ्या प्रतिष्ठेचे मानले जात होते. तेथील धनिकांच्या घोडागाड्यांबरोबर धावण्यासाठी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले डाल्मेशियन जातीचे कुत्रे मुद्दाम पाळले जात. टॉमस ब्यूइक या प्रसिद्ध लाकडी ठसेकाराने १७९० साली चतुष्पाद प्राण्यांवर जो ग्रंथ काढला, त्यात या जातीचे चित्र असून तिला ‘गाडीचा कुत्रा’ असेच नाव दिले आहे. हे कुत्रे घोड्यांच्या टाचांशी किंवा गाडीच्या आसाखाली मैलोगणती धावत. पुढे १९४० साली कीलर व ट्रिंबल या अमेरिकन संशोधकांनी अशा कुत्र्यांची पाहणी करून असे दाखविले की, घोड्याच्या खुरांच्या अगदी जवळून धावावे की मागे राहून धावावे, ही आवडसुद्धा पुष्कळ अंशी आईबापांकडून पिल्लांकडे उतरत असावी. म्हणजे जे आज आपण उनाडपणा समजतो, त्याची एके काळी मनुष्याने निवड केली, वंशावळी राखल्या आणि त्याबद्दल कुत्र्यास शाबासकीही दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका पुरातन दफनात दोन माणसांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचीही हाडे सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत, असे आता मानले जाते. इतक्या जुन्या सहवासात मनुष्याने कुत्र्याचे रूप, आकार आणि स्वभाव हवे तसे वळविले. परंतु त्यातील शिकाऱ्यास त्याने नाहीसे केले नाही, फक्त त्याचे तुकडे केले. अमेरिकेतील रेमंड कॉपिंजर या प्राणिशास्त्रज्ञाने ही गोष्ट फार स्पष्ट करून मांडली आहे. शिकार ही एकच क्रिया नसून ती पायऱ्यांची माळ आहे: सावज हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरून जवळ जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे. निरनिराळ्या जातींत या माळेतील काही मणी मोठे झाले आणि काही गळून पडले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील मेंढपाळांनी आपल्या कुत्र्यांत रोखलेली नजर आणि पाठलाग एवढेच ठेवले व चावा दाबून टाकला. १८९३ साली नॉर्थंबरलंड परगण्यात जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ नावाचा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉली जातीचा मूळपुरुष समजला जातो. तो न भुंकता केवळ नजरेने मेंढरे हालवी. उलट, इटलीतील मारेम्मासारखे जे कुत्रे मेंढरांत राहून लांडग्यांपासून त्यांचे रक्षण करतात, त्यांच्या ठायी पाठलागाची ओढ फारच थोडी असते. कारण राखणदारानेच मेंढरांमागे धाव घेतली तर कळपाची वाट लागावयाची! आपल्या दख्खनातील लांब पायांचा कारवानी कुत्रा दुसऱ्या टोकास उभा आहे. तो दृष्टीने शिकार करणारा. दूरवर काही हालले की त्याचे पाय शिवशिवू लागतात. मोकळे रान न मिळालेली कॉली मोटारींमागे धावण्याविषयी बदनाम आहे आणि मारेम्मा तशी नाही, याचे मर्म हेच. मोटारीमागे धावणाऱ्या कुत्र्याच्या मनात मोटारीविषयी द्वेष नसतो. पळणारी वस्तू पाहून त्याच्यातील एक फार जुनी कळ दाबली जाते, एवढेच.

कोणी म्हणेल, मोटार म्हणजे ससा नव्हे, एवढे त्या कुत्र्यास कळत नाही काय? याचे उत्तर इंग्रजांनी व अमेरिकनांनी स्वतःच्या करमणुकीसाठी केलेल्या एका प्रयोगातून मिळते. १८७६ साली लंडनजवळ हेंडन येथे रुळावरून ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम सशामागे ग्रेहाउंड कुत्रे सोडून पाहण्यात आले. ती कल्पना तेव्हा रुजली नाही. परंतु ओवेन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तिच्यात सुधारणा केली आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशाची शर्यत सुरू झाली. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ती इंग्लंडातही आली आणि थोड्याच वर्षांत तिला अलोट गर्दी लोटू लागली. रुळावरून विजेच्या जोरावर धावणारा तो ससा म्हणजे वस्तुतः एक लहानसे वाहनच होते. त्यास रक्ताचा वास नव्हता, जीव नव्हता. तरी कुत्रे त्यामागे जिवाच्या आकांताने धावत. यावरून असे दिसते की, पाठलागास सावज लागत नाही, फक्त गती लागते.

या कारणास आणखी दोन कारणे जोडली जातात. आपल्याकडे पुष्कळांचे म्हणणे असे की, परक्या आळीतील कुत्र्यांनी मोटारीच्या चाकांवर मूत्र टाकलेले असते आणि त्या वासाने हे कुत्रे खवळतात. वास हा कुत्र्याचा मोठा आधार आहे, हे खरे. परंतु तेच मूळ कारण असते तर उभ्या मोटारीवरही त्याने हल्ला केला असता. प्रत्यक्षात तो उभ्या मोटारीचे चाक हुंगतो, त्यावर आपलीही खूण करतो आणि ऊन चढले की तिच्याच सावलीत निजतो. दुसरे कारण अधिक वजनदार आहे, ते म्हणजे आपल्या हद्दीचे रक्षण. आळीतील कुत्र्यांस आपली सीमा बरोबर ठाऊक असते आणि पाठलाग बहुधा त्या सीमेपाशीच थांबतो. त्यातही मौज अशी की, मोटार तर कुत्रा भुंकला नसता तरी निघूनच जाणार होती. परंतु कुत्र्याच्या हिशेबी ती त्याच्या भुंकण्यामुळे पळाली! ज्या कृत्याचा शेवट समाधानात होतो ते कृत्य प्राणी पुन्हा करतो, हा नियम थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून १८९८ साली दाखविला. रस्त्यावरील कुत्र्यास हे समाधान दिवसातून पन्नास वेळा मिळते. त्याला असा एकही दिवस ठाऊक नाही की ज्या दिवशी त्याचा पराभव झाला. आणि ज्या दिवशी तो होतो, त्यानंतर शिकावयास तो बहुधा उरत नाही.

परंतु आमच्या मते या सर्व कारणांहून इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. साधा गावठी कुत्रा ताशी वीस मैलांच्या आसपास धावू शकतो. ग्रेहाउंड चाळीस मैलांवर जातो. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनास शहरात ताशी २ मैल व बाहेर ४ मैल एवढाच वेग ठेवण्याची आज्ञा होती, आणि त्याच्या पुढे एक मनुष्य चालत असे. अशा वाहनाचा पाठलाग तो काय करावयाचा! १८९६ साली ही मर्यादा कमाल १४ मैलांपर्यंत वाढविण्यात आली आणि १९०३ च्या कायद्याने ती २० मैल झाली. म्हणजे मनुष्याचे वाहन नेमके कुत्र्याच्या टप्प्यात आले. त्यापूर्वी सायकल त्या टप्प्यात शिरलीच होती. सायकलस्वारांस कुत्र्यांचा इतका उपद्रव होऊ लागला की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गालाँ नावाच्या कारागिराने त्यांच्यासाठी खिशात मावेल असे एक पिस्तूल काढले आणि त्याचे नाव ‘वेलोडॉग’, म्हणजे सायकल व कुत्रा या दोहोंचा समास, असे ठेविले. मनुष्य व कुत्रा यांच्या हजारो वर्षांच्या स्नेहात चाकाने घातलेला हा बिघाड एका शस्त्राच्या नावात कोरला गेला आहे.

पाश्चात्य देशांत आज हा देखावा क्वचितच दिसतो. तेव्हा तेथील कुत्रा शहाणा झाला काय? तसे मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे उदाहरण पाहावे. घोड्यांच्या बंबापुढे वाट मोकळी करीत धावणारे डाल्मेशियन तेथे ठाण्याठाण्यांत असत. १९२२ साली घोड्यांचा शेवटचा बंब निघाला आणि सर्वत्र मोटारी आल्या. त्या वेगास कुत्रा पुरा पडेना, तेव्हा त्यास उचलून बंबावरच बसविण्यात आले. इतर कुत्र्यांचेही पुढे थोड्याफार फरकाने हेच झाले. मोटारींचा वेग त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. घरांभोवती कुंपणे आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील गावोगावी कुत्रा साखळीवाचून बाहेर न सोडण्याचे नियम झाले. इंग्लंडातही १९८८ च्या वाहतूक कायद्याप्रमाणे ठराविक रस्त्यांवर मोकळा कुत्रा आणणे हा गुन्हा आहे. पाठलाग थांबला तो कुत्र्याचा स्वभाव बदलल्याने नव्हे, तर त्याचे स्वातंत्र्य गेल्याने. साखळी सुटली की तीच कॉली आजही तशीच धावते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण निंदेसाठी वापरतो. येथे ती निव्वळ प्राणिशास्त्र सांगते.

आपल्याकडे मात्र दोन्ही गोष्टी कायम आहेत: कुत्रा मोकळा आहे आणि गल्लीबोळांतून वाहनाचा वेगही बहुधा ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वर जात नाही. शिवाय रस्त्यावरील कुत्र्याविषयी आपल्या समाजाची भावना द्विधा आहे. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्रे उभे करणारा आणि खंडोबाच्या सेवकास वाघ्या म्हणविणारा हा समाज त्यास घरात घेत नाही व मारूही देत नाही. ही भावना किती प्रखर होऊ शकते, हे मुंबई सरकारास जून १८३२ मध्ये कळून चुकले. मोकाट कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध, ज्यांच्या धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान आहे असे पारशी लोक ६ जून रोजी शिपायांवर तुटून पडले आणि दुसऱ्या दिवशी फोर्ट भागात हरताळ पडला. त्यात इतर धर्मांचे लोकही मिळाले. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राण्यांस क्रूरतेने वागविण्याविरुद्ध कायदा झाला. २००१ च्या आणि मागाहून २०२३ च्या नियमांनी कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून व लस टोचून त्यांस मूळ जागी परत सोडावे, असे ठरले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासचे सर्व भटके कुत्रे निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला त्यात बदल करून, पिसाळलेले व हल्लेखोर कुत्रे वगळता इतरांस लस टोचून व निर्बीजीकरण करून परत सोडण्यास सांगितले. दहा-अकरा दिवसांतील ही दोन वळणे आपल्या समाजाच्या द्विधा मनाचेच प्रतिबिंब होत.

या वादात एक पक्ष कुत्र्यास खुनी ठरवितो आणि दुसरा त्यास निष्पाप बालक समजतो. वर सांगितलेला इतिहास पाहता दोन्ही पक्ष चुकतात, असे आम्हास वाटते. कुत्र्यांच्या चाव्याने होणाऱ्या रेबीजचे भय खोटे नाही. जगातील या रोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होतात, असा अंदाज आहे. दुचाकीमागे कुत्रा लागला म्हणून घाबरून तोल गेलेल्या मनुष्याच्या घरी जाऊन प्राणिदयेचे व्याख्यान देणे हे क्रौर्यच होय. परंतु ज्या ओढीस मनुष्याने हजारो वर्षे आपल्या शिकारीसाठी, मेंढरांसाठी आणि गाडीच्या शोभेसाठी खतपाणी घातले, तिच्याबद्दल कुत्र्यासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हाही न्याय नव्हे. निर्बीजीकरण, लस, कचऱ्याची व्यवस्था आणि पाळलेले जनावर रस्त्यावर न टाकण्याची शिस्त ही सर्व कामे मनुष्याची आहेत. ती ज्या नगरांत होत नाहीत, तेथे कुत्रा धावणारच.

आणि स्वारासही या इतिहासातून एक व्यवहाराचा धडा घेता येतो. पाठलाग हा पळणाऱ्याचा होतो. कुत्रा मागे लागला की आपण वेग वाढवितो, म्हणजे त्याच्या डोळ्यांस आपण अधिकच सावज दिसू लागतो. जेथे मागून दुसरे वाहन येत नसेल तेथे वेग हळूहळू कमी करावा, जरूर तर थांबावे व शांतपणे उभे राहावे. पुष्कळदा भुंकणे तेथेच ओसरते आणि कुत्रा चाक हुंगून निघून जातो. पिसाळलेल्या किंवा खरोखर चावऱ्या जनावरास हा उपाय लागू नाही, आणि चावा बसल्यास जखम साबणपाण्याने पुष्कळ वेळ धुऊन त्याच दिवशी लस घेणे यास पर्याय नाही. परंतु बहुतेक कुत्र्यांस आपण नको असतो. त्यांस फक्त आपली गती हवी असते, आणि तेवढी काढून घेणे आपल्या हाती आहे.