भोपाळ 1984: बंद ठेवलेली शीतयंत्रणा

आजचा विषय कारखान्यांमधल्या सुरक्षेवरचा खर्च. हल्ली या क्षेत्रात नवीन तंत्रज्ञान खूप आलंय. डोक्यावर हेल्मेट नसेल तर कॅमेराच ओळखतो. माणसाला वास येण्याआधी सेन्सरला वायू कळतो. उंच चिमणीची पाहणी ड्रोन करतो. 2022-23 पासून सेबीने शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. त्यात कामावरच्या अपघातांचे आकडेही द्यावे लागतात. हे सगळं चांगलंच आहे. पण खरेदी केलेली यंत्रणा आणि चालू असलेली यंत्रणा यांत किती अंतर असतं, हे समजायला आपल्याला भोपाळला जावं लागेल.

2 डिसेंबर 1984 ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं. त्यात पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर पुढे बराच वाद झाला. कंपनीने घातपाताचा दावा केला. टाकीतला दाब आणि उष्णता वाढत गेली आणि सुमारे 40 टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला.

आता नीट ऐका. या कारखान्यात सुरक्षेची साधनं नव्हती असं नाही. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं. त्यासाठी शीतयंत्रणा होती. ती जून 1984 पासून बंद होती. बाहेर पडणारा वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर होता; तो त्या रात्री चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याच्या नळाचा गंजलेला तुकडा बदलण्यासाठी काढून ठेवला होता. पाण्याचे फवारे होते. ते वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचलेच नाहीत. वस्तीला सावध करणारा भोंगा होता. तो थोडा वेळ वाजवून बंद केला आणि पुन्हा वाजला तोवर दोन वाजत आले होते. लोक आधीच पळत सुटले होते.

हे असं का झालं? कीटकनाशकाचा खप अपेक्षेपेक्षा फार कमी होता आणि कारखाना तोट्यात होता. मग काटकसर सुरू झाली. या विभागातली पाळी बारा माणसांवरून सहावर आणली. रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागा दुर्घटनेच्या काही दिवस आधीच रद्द झाली होती. प्रत्येक कपात कागदावर छोटी होती. सही करणाऱ्याला ती शहाणपणाचीही वाटली असेल. पण एकावर एक रचलेल्या संरक्षणाच्या सगळ्या फळ्या एकाच वेळी पडलेल्या आहेत, हे कोणी एकत्र पाहिलं नाही.

इशारे मिळाले नव्हते का? मिळाले होते. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला. 1982 मध्ये कंपनीच्याच अमेरिकी पथकाने पाहणी करून त्रुटी दाखवल्या. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकात शहराला सावध केलं.

मध्य प्रदेश सरकारने 3,787 मृत्यूंची नोंद केली. पीडितांच्या संघटना आकडा याहून कितीतरी मोठा सांगतात. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली. कारखान्यातला 337 टन विषारी कचरा शहराबाहेर निघायला जानेवारी 2025 उजाडला. शीतयंत्रणेच्या विजेत काय वाचलं आणि काय मोजावं लागलं, याचा हिशोब तुम्हीच करा.

भोपाळनंतर देशाने कायदे बदलले. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं. कामगाराला धोका दिसला तर तो थेट व्यवस्थापनाला सांगण्याचा हक्क त्यातून मिळाला. तरीही 7 मे 2020 रोजी विशाखापट्टणमला स्टायरिनची गळती होऊन बारा माणसं गेली. राज्य सरकारच्या चौकशी समितीला काय आढळलं? टाकीचं तापमान फक्त तळाशी मोजलं जात होतं, वरचा थर तापलेला कळलाच नाही. भोंगा वाजवायची सोय 36 ठिकाणी होती. तो वाजवलाच नाही.

फौजेत तपासणीला गेलो की भांडाराची यादी मी नंतर बघायचो. आधी म्हणायचो, ‘जनरेटर चालू करून दाखवा.’ यादीत सगळं ठीकच असायचं. चालू करताना मात्र कधी डिझेल नसायचं, कधी बॅटरी उतरलेली असायची.

तुमच्यापैकी कोणी बडोद्यात असेल, कोणी हैदराबादला, कोणी इंदूरला. कारखान्यात असाल तर सुरक्षेवर किती कोटी खर्च झाले हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘रात्रपाळीला यातलं काय काय चालू असतं?’ आणि ते चालवून दाखवायला सांगा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.